आतून खाल्लेला टायर

हिंदुराव खोतांना गाडी चालवता येत होती, पण मुलगी विजयश्री चालवायला लागल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडीशी त्यांचा संबंध उरला होता तो रविवारच्या सकाळपुरता. चहा झाला की ते प्लास्टिकचं स्टूल घेऊन रावेतच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरायचे आणि चारही टायर तपासायचे. हवा मोजायचं मीटर घरात होतं, पण त्यांचा भर हातावर. नक्षीवरून तळवा आधी एका दिशेनं फिरवायचा, मग उलटा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं करवतीसारखं लागलं, तर चाकं सरळ नाहीत, टायर घासत चाललाय. खाचांच्या तळाशी रबराचे बारके उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. विजयश्रीला लायसन मिळालं त्याच आठवड्यात त्यांनी तिला हे सगळं शिकवलं होतं. तिला ते येत होतं, तरी रविवारचा हात तिच्या अण्णांचाच, असं घरात ठरून गेलं होतं.

विजयश्री म्हाळुंग्याच्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये होती. रोज सकाळी ती अण्णांना तळवड्याला त्यांच्या युनिटपाशी सोडायची आणि तशीच पुढे जायची. अण्णा कामाला होते ते युनिट म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तिथे गाड्यांच्या ब्रेकमध्ये सरकणारे छोटे पिस्टन तयार व्हायचे. हिंदुराव शिराळ्याकडून पोरवयात पिंपरीत आले, निम्मं आयुष्य धातू घासायचा ग्राइंडर हातात धरून उभे राहिले आणि मग मालकानं त्यांना शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं. धातू कापताना कडेला बारीक कुसळासारखी धार राहते, तिला कामगार बर म्हणतात. पिस्टनच्या कडेला बर राहिली तर ब्रेकमधलं रबरी सील कापलं जातं आणि तेल गळतं. हिंदुराव प्रत्येक पिस्टनच्या कडेवरून अंगठा आणि मधलं बोट फिरवायचे. माल चांगला असेल तर उजवीकडच्या ट्रेमध्ये, नसेल तर डावीकडच्या. शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणायचे, आणि मामांच्या हातून सुटलेलं काही परत येत नाही असं मालक पाहुण्यांना सांगायचा.

त्या रविवारी मार्च संपत आला होता आणि सकाळीच उकडत होतं. विजयश्रीनं स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, म्हणजे पुढच्या चाकाची नक्षी आतल्या कडेपर्यंत हाताला लागते. अण्णा स्टुलावर बसले, वाकून हात आत घातला, सावकाश फिरवला, परत फिरवला.

"बरा हाय," ते म्हणाले आणि स्टूल उचलून पलीकडच्या चाकाकडे गेले.

विजयश्री डिकीतून हवेचं मीटर घेऊन आली, तेव्हा तिला चाकाच्या चंदेरी कपावर लाल ओघळ दिसला. कुणीतरी पान खाऊन थुंकलंय असं वाटून ती वैतागली. मग तिला दिसलं की ओघळ ओला आहे, आणि तसेच थेंब फरशीवरून थेट अण्णांच्या स्टुलापर्यंत गेलेत.

"अण्णा, तुमचं बोट कापलंय."

"कुठलं?"

त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले. उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून आडवं चिरलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलं होतं, पँटचा गुडघा भिजला होता.

"आयला," अण्णा म्हणाले. "पत्रा लागला असंल कुठंतरी."

विजयश्रीनं ओढणीच्या टोकानं बोट दाबून धरलं, त्यांना भिंतीशी बसवलं आणि ती त्या पहिल्या चाकापाशी गेली. मोबाइलचा टॉर्च लावून ती जवळजवळ जमिनीला गाल टेकवूनच बघत होती. बाहेरून टायर ठीक होता. मधली नक्षीही ठीक होती. पण आतली कड बोटभर रुंदीची साफ गेली होती. रबर संपून खालचं कापडासारखं अस्तर दिसत होतं आणि त्यातून पोलादी तारांची टोकं वर आली होती, ब्रशच्या केसांसारखी. अण्णांचा हात याच्यावरूनच गेला होता. दोनदा. आणि ते बरा हाय म्हणाले होते.

ती उठून उभी राहिली.

"काय गं?" अण्णा म्हणाले.

"आतून खाल्लाय टायर. तारा निघाल्यात."

अण्णा उठून आले, वाकले, टॉर्चच्या उजेडात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते स्टूल घेऊन लिफ्टकडे गेले.

वर विजयश्रीच्या आईनं, कस्तुराबाईंनी, जखम धुतली, डेटॉल लावलं, पट्टी बांधली. हिंदुराव खिडकीतून बाहेर बघत होते.

"झोंबत न्हाई का ओ?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"सवय हाय."

विजयश्री आईच्या मागं स्वयंपाकघरात गेली. तिनं खालचं सगळं सांगितलं. कस्तुराबाई ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शर्टाची बटणं मीच लावून देते आताशा. मला वाटलं, म्हातारपणी लाडात आलेत." त्या हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही. "संक्रांतीला गरम तवा उचलला त्यांनी. फोड आला तवा कळलं. मी म्हणलं, मनुष्य कामातला हाय, कातडी जाड झाली असंल."

दुपारी ऊन कलल्यावर बापलेक परत खाली गेले. तारा निघालेल्या टायरवर गाडी दुकानापर्यंत न्यायची नव्हती, म्हणून स्टेपनी लावायची होती. जॅक विजयश्रीनं लावला. नट तिनं सैल केले आणि काढून अण्णांच्या डाव्या हातात दिले. एक नट घरंगळत पार भिंतीपर्यंत गेला. अण्णांनी तो आणला. दुसरा पडला तेव्हा त्यांनी उरलेले सगळे तिच्या रुमालावर ठेवून दिले आणि ते उकिडवे बसून राहिले.

"कधीपासून आहे?" विजयश्रीनं चाक ओढून काढता काढता विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं असंल. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग त्यापण बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं."

"दोन्ही हातांना?"

"उजव्याला जास्त."

तिनं स्टेपनी बसवली, नट हातानं फिरवले. मग पान्यानं आवळायच्या आधी ती थांबली.

"कंपनीत सांगितलंय?"

हिंदुराव काढलेल्या टायरच्या तारांकडे बघत राहिले.

"अण्णा, मग तुम्ही टेबलावर काय करता?"

"बघतो. डोळं चांगलं हायेत माझं. नखानं पण कळतंय थोडं." त्यांचा आवाज चढला. "आणि पोरं माल चांगला काढत्यात. मशिन नवं हाय. दिवसाला डाव्या ट्रेमध्ये पडतंय किती? काईच न्हाई."

हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. डावा ट्रे गेल्या काही महिन्यांत का रिकामा राहत होता, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. किंवा केला होता आणि सोडून दिला होता. विजयश्रीनं पाना लावला, पायानं दाब देऊन एकेक नट आवळला, आणि दोघं वर आले. त्या संध्याकाळी हिंदुराव टीव्हीसमोर बसले, पण टीव्ही लावायचं त्यांना सुचलं नाही.

सोमवारी दोघांनीही रजा टाकली. आधी टायरवाल्याकडे गेले. चाकण रस्त्यावर एका खड्ड्यात चाक जोरात आदळलं होतं ते विजयश्रीला आठवत होतं. तेव्हापासून चाक तिरकं चालून आतली कड घासत होती. टायरवाल्यानं तारांवर नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, हायवेला फुटला असता. नशीब म्हणा." हिंदुराव बाजूलाच उभे होते. रोज सकाळी याच गाडीतून मुलगी त्यांना सोडून पुढे एकटी जात होती. ते दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पुढचे दोन्ही टायर बदलून, चाकं सरळ करून होईपर्यंत ते आत आले नाहीत.

मग निगडीला डॉक्टरकडे. डॉक्टर बाई होत्या, वयानं विजयश्रीहून थोड्या मोठ्या. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा बारीक दोरा बोटांच्या टोकांवर टेकवून बघितला.

"चालू करा की," हिंदुराव डोळे मिटून म्हणाले.

"झालं की काका," त्या म्हणाल्या. 

पायांचे तळवेही त्यांनी तपासले. तिथं बरंच कळत होतं. रक्तात साखर निघाली. फार नव्हती, पण कुणी कधी तपासलीच नव्हती. मुख्य कारण मात्र डॉक्टरांना ग्राइंडर वाटत होता. इतकी वर्षं थरथरतं यंत्र हातात धरलं की नसा हळूहळू बाद होतात, आणि काम सोडल्यावरही त्याचं दुखणं पुढं येऊ शकतं. नसांची एक तपासणी करून घ्या, साखर आटोक्यात ठेवा, आहे त्याहून वाढू नये एवढं बघू, गेलेलं सगळं परत येईलच असं सांगत नाही, असं त्या सरळ म्हणाल्या.

"माणसाला कळत कसं न्हाई हो डॉक्टर?" हिंदुरावांनी विचारलं. "एवढं सगळं जातंय आणि कळत न्हाई?"

"हळूहळू जातं ना. मग माणूस डोळ्यांनी भागवत राहतो."

मंगळवारी सकाळी तळवड्याला गाडी थांबली, पण हिंदुराव उतरले नाहीत. विजयश्रीनं इंजिन बंद केलं.

"मी येऊ का बरोबर?"

"नगं. शाळेत सोडायला आल्यागत दिसंल." त्यांनी दार उघडलं. नवीन पट्टीचा उजवा हात त्यांनी जपून छातीशी धरला होता. "तू जा. तुझं हजेरीचं पंचिंग चुकंल."

शेडच्या दारात टेम्पो लागला होता. सुपरवायझर रविराज खोकी मोजून चढवत होता. तिशीतला, घाईत बोलणारा, मामांना मान देणारा माणूस.

"मामा, काल कुठे होता? बोटाला काय झालं?"

"टेम्पो उतरवा."

"काय?"

"माझ्या टेबलावरनं गेलेला माल हाय. उतरवा. परत बघायला लागंल."

रविराज हसला. मग मामांचं तोंड बघून तो हसायचा थांबला. हिंदुरावांनी त्याला शेडच्या कोपऱ्यात नेलं आणि बोटांचं सांगितलं. रविराजला ते पटेना. एवढ्या वर्षांचा हात असा जातो का, चार दिवस आराम करा, जखम भरली की होईल नीट, असं तो म्हणत राहिला. चाकणला माल दुपारच्या आत पोचायचा होता.

"दोन पिस्टन आण," हिंदुराव म्हणाले. "एक मशिनवरनं आत्ता काढलेला, बर असलेला. एक साफ केलेला. आण तर."

रविराजनं आणले. हिंदुरावांनी डोळे मिटून डावा हात पुढं केला, कारण उजव्याला पट्टी होती. रविराजनं एक पिस्टन दिला, मग दुसरा. हिंदुरावांनी दोन्हीच्या कडांवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत, आणि मग दाबून.

"हा साफ हाय," ते म्हणाले.

हिंदुरावांनी डोळे उघडले. बर त्याच पिस्टनला होती. अंगठ्याच्या कातडीचं पांढरं सालटं निघून तिच्यावर अडकलं होतं.

डॉक्टरांच्या दोऱ्यानं त्यांना जे पुरतं पटलं नव्हतं, ते इथं पटलं. ते मशिनच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि रविराजनं स्वतःच टेम्पोवाल्याला हाक मारून सांगितलं, माल उतरव.

मालकाला फोन गेला. मालक आला तो ओरडतच आला, आणि त्याचं ओरडणं बराच वेळ चाललं. हिंदुराव खाली मान घालून ऐकत होते. महिनोनमहिने का लपवलं, एवढंच तो परत परत विचारत होता, आणि त्याला हिंदुरावांकडे एकच उत्तर होतं, "मला वाटलं जाईल."

माल परत तपासायचा म्हणजे इतक्या पिस्टनांवरून बोट फिरवणारा दुसरा माणूस हवा होता, आणि तसा कुणी नव्हता. पॅकिंगला अनिता म्हणून एक बाई होती, जवळच्याच निघोजे गावची. ती म्हणाली, "आमी गोधडीला टाका घालताना सुईचं टोक मोडलंय का ते कापसानं बघतो. मोडलं आसंल तर कापूस अडकतो. तसं करून बघू का?"

करून बघितलं. कापसाचा बोळा कडेवरून फिरवला, की बर असेल तिथं तंतू अडकून राहायचा. दुपारपर्यंत सगळी शेड बोळे घेऊन बसली होती. डावा ट्रे भरला नाही, पण रिकामाही राहिला नाही.

आधी गेलेला माल चाकणच्या कंपनीत होता. तिथं फोन करणं भाग होतं, आणि ते मालकानं केलं, हे हिंदुरावांनी मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविराज, अनिता आणि हिंदुराव कापसाच्या पिशव्या घेऊन त्या कंपनीच्या गोदामात जमिनीवर बसले. तिथला क्वालिटीचा माणूस निरंजन नावाचा होता. तो त्यांच्या डोक्यावर उभा राहून म्हणाला, "आमच्याकडे प्रत्येक ब्रेक दाबून गळती तपासतात, म्हणून वाचलात. गाडीत नाही गेलं काही. पण जानेवारीपासून अधूनमधून सील कापलेलं निघत होतं. आम्ही सीलवाल्याला धरलं. त्याची ऑर्डर निम्मी केली."

हिंदुरावांच्या हातातला बोळा थांबला.

"त्या सीलवाल्याला सांगितलं का आता?" त्यांनी विचारलं.

"सांगू."

"आज सांगा साहेब. माझं नाव सांगून सांगा."

निरंजननं त्यांच्याकडे बघितलं, आणि तो फोन काढून बाहेर गेला. कुणाला केला ते कळलं नाही. मालकाच्या ओरडण्यानं झालं नव्हतं ते इथं झालं. ओळख ना पाळख अशा कुणा माणसानं आपल्या बोटांपायी महिनोनमहिने बोलणी खाल्ली, हे हिंदुरावांच्या डोक्यातून काही केल्या जाईना. घरी गेल्यावर त्यांनी जेवताना ते कस्तुराबाईंना सांगितलं आणि अर्ध्यातून ताटावरून उठले.

त्यांना काढून टाकतील असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मालकाच्या मनातही ते आलं असावं, कारण चार दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं रविराजकरवी निरोप दिला, की मामा उद्यापासून कच्च्या मालाच्या स्टोअरला बसतील आणि टेबलावर अनिता बसेल. हिंदुरावांनी मान हलवली. स्टोअर म्हणजे शेडच्या मागच्या बाजूला जाळीचं एक दार आणि आत सळ्यांचे गठ्ठे. तिथं बोटांचं काम नव्हतं.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्यांनी विजयश्रीला सांगितलं.

"वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"वाटतंय की." मग त्रिवेणीनगरच्या सिग्नलला ते म्हणाले, "पण रोज सकाळी टेबलावर बसायचं भ्या वाटायचं मला. दिवाळीपासनं. उद्या न्हाई वाटायचं."

पहिले काही आठवडे ते जेवणाच्या सुट्टीत अनिताजवळ जाऊन बसायचे. कुठल्या मशिनचा माल कुठल्या बाजूला बर धरतो, कटर बोथट झाला की कड कशी दिसते, ओल्या हातानं का तपासायचं नाही, असं ते बोलत राहायचे आणि ती डबा खाता खाता ऐकायची. हाताला कसं लागतं ते मात्र ते सांगायला जायचे आणि त्यांना शब्द सापडायचे नाहीत. एकदा अनिता म्हणाली, "मामा, ते ऱ्हाऊ द्या. ते माझं मी शिकंन." त्यांना आधी राग आला. मग त्यांनी तिच्याजवळ रोज बसायचं बंद केलं. कधी तिनंच हाक मारली तर जायचे.

निगडीच्या डॉक्टरांनी पुन्हा दोरा टेकवून बघितला. बोटांत फरक नव्हता, पण वाढलेलंही नव्हतं. साखर खाली आली होती. शर्टाची बटणं कस्तुराबाईच लावत होत्या, आणि आता त्याचं कारण दोघांनाही माहीत होतं.

मे महिन्यात एकदा दुपारच्या शिफ्टला शेडमध्ये मोठ्यानं आवाज आला. हिंदुराव जाळीच्या दारापाशी आले. अनितानं एका ऑपरेटरचा अख्खा ट्रे बाजूला काढला होता आणि तो तिच्यावर तणतणत होता. "दोन पीससाठी सगळा ट्रे? मामा होते तेव्हा कधी असं झालं नाही!"

"मला दोन गावलं, मंजी आजून आसतील," अनिता म्हणाली. ट्रेवरचा हात तिनं उचलला नाही. "घिऊन जा. साफ करून आण."

"मामांना विचार मग!"

दोघांनीही स्टोअरकडे बघितलं. शेडमधले आणखी काही जण बघायला लागले. हिंदुराव एक पाऊल पुढं आले होते, ते तिथंच थांबले.

"टेबलावर कोण हाय?" ते ऑपरेटरला म्हणाले. "तिला विचार."

ते आत वळले आणि सकाळी आलेल्या सळ्यांच्या गठ्ठ्यावरची पट्टी कात्रीनं कापायला लागले. मग ट्रे उचलल्याचा, आणि त्यातले पिस्टन एकमेकांवर आपटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.